पालथा पेला, सुलटा पेला

ट्रॅफिक पोलिसाने हात वर केला की लोक थांबतात. त्या संध्याकाळी नाट्यगृहात पोलिसाने हात वर केला आणि बसलेले सगळे लोक उठून उभे राहिले.

*

पेला पत्र्याचा आहे. पाणी प्यायला लहान, औषध प्यायला मोठा. त्याने काहीच प्यायचं नाही, अशी सूचना विकत घेताना तोंडी मिळते.

*

‘हात वर करणे’ याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एक हाडामांसाचा. दुसरा : अंगावरची जबाबदारी आता आपली नाही, असं जाहीर करणे. दोन्ही एकाच वेळी करता येतात हे मला माहीत नव्हतं.

*

“मागून जास्त कापलंय,” नाना म्हणतात. नाना न्हावी नाहीत, टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. केस त्यांचे नाहीत. खुर्चीतलं गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीचं नाही. मत मात्र त्यांचं स्वतःचं.

*

‘विसावा’च्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचा पलंग रिकामा झाला आहे. येताना दोन चादरी आणाव्यात. रेडिओ चालेल, पण कानाला लावून.

*

“शरीरात खांद्याइतका सज्जन अवयव नाही. पोट कुरकुरतं. डोकं चढतं. जीभ सुटते. खांदा बिचारा वाहतो. आणि वाहून वाहून थकला की मग दुखतो. दुखत नाही तो, सांगतो! काय सांगतो?”

“उतरवा!” नाट्यगृह म्हणतं.

*

हे सगळे तुकडे एकाच खांद्याचे आहेत. खांदा माझ्या थोरल्या बहिणीचा. उजवा.

ताईचं केस कापायचं दुकान आहे. बाहेर पाटीवर ‘सलून’ लिहिलंय, पण आम्ही दुकानच म्हणतो. दिवसभर कोपर बाहेर काढून कात्री चालवायची, ड्रायर उंच धरून केस वाळवायचे. एके दिवशी सकाळी तिला वरच्या फळीवरचा टॉवेल काढता येईना. हात छातीपर्यंत जाई, मग खांद्यात कळ येई आणि तोंडातून “आई गं” निघे. आमची आई तेव्हा खोलीत असली तरी ती काही करू शकत नसे, कारण ती फोटोत असते.

ताई इस्पितळात गेली. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी हात फिरवून, वळवून, दाबून बघितला आणि सांगितलं की खांद्यातली स्नायूची दोरी दुखावली आहे, फाटलेली नाही. रबरी पट्टा दिला. दाराच्या कडीला बांधायचा, कोपर कमरेशी ठेवायचं, हळूहळू ओढायचं, रोज. काही आठवडे लागतील. कदाचित काही महिने.

“मी काय दार दुरुस्त करायला गेले होते?” ताई मला म्हणाली.

“ओढून बघ ना पण.”

“बघितलं. दार हललं. खांदा आहे तिथेच.”

असा तिचा धीर संपत आला असताना आमच्या शहरात हलकेसर आले.

खरं नाव काहीतरी दुसरं होतं. लोक त्यांना हलकेसर म्हणत, कारण ते माणसाला हलकं करत. अंगात करडा शर्ट, हातात घड्याळ, बोलणं बँकेच्या मॅनेजरसारखं. देवाचं नाव चुकूनही घेत नसत. घेतलं असतं तर ताई गेलीच नसती. “बुवाबाजीला मी भुलणार नाही,” असं ती म्हणाली आणि पुढची जागा मिळावी म्हणून दुकान लवकर बंद केलं.

मी सोबत गेलो. नानाही आले. नाना म्हणजे ताईचे सासरे. भावोजी जहाजावर असतात, त्यामुळे घरात ताई आणि नाना अशी दोनच माणसं. नानांना कमी ऐकू येतं, पण घरी एकटं बसायला आवडत नाही. तिसऱ्या रांगेत ताईची पर्स मांडीवर घेऊन ते बसले.

“काय आहे इथे?” त्यांनी मला विचारलं. सगळ्या रांगेने ऐकलं.

“खांदे बरे करतात.”

“कुणाचे?”

“दुखणाऱ्यांचे.”

“मग इतकी माणसं?” नानांनी मागे वळून गर्दी पाहिली. “कमाल आहे. पत्रं टाकायची राहिली नाहीत तरी खांदे दुखतातच.”

हलकेसरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. जबाबदारी कुठे येते? खांद्यावर. घर कुणाच्या खांद्यावर उभं असतं? तुमच्या. पोटरीवर उभं असतं का? नाही. शेकडो वर्षं आपली भाषा आपल्याला निदान सांगते आहे आणि आपण मात्र डॉक्टरांकडे जाऊन फोटो काढतो. हाडाचा फोटो! ओझं फोटोत दिसतं का?

“नाही!”

“तुमच्या खांद्यावर कुणीतरी बसलेलं आहे. त्याचं नाव घ्या. त्याला सोडा. हात आपोआप वर जाईल.”

मग ट्रॅफिक पोलीस मंचावर गेला. त्याचा खांदा दुखत होता, आणि खांदाच धंद्याचा असल्यामुळे तो वैतागला होता. सरांनी त्याच्या हाती पत्र्याचा पेला दिला. मान खाली घालायला सांगितली. “पेला पालथा करा. मनात साचलेलं सगळं ओता. ओतता ओतता हात बाजूने उचला.”

हात छातीपाशी अडला. पोलीस कळवळला. नाट्यगृह हळहळलं.

“पाहिलंत? ओझं किती जड आहे! कुणाचं?”

“साहेबांचं.”

“कोणत्या साहेबांचं?”

पोलिसाने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, साहेब आलेले नाहीत याची खात्री केली आणि नाव सांगितलं.

“सोडलं म्हणा.”

“सोडलं.”

“मान वर. छाती पुढे. पेला सुलटा धरा. आता हलकेपण झेला!”

पोलिसाचा हात वर गेला. सरळ, कानाला लागेपर्यंत. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

त्यानंतर एक गाण्याच्या बाई गेल्या. त्यांचा हात ओततानाही अडला आणि झेलतानाही अडला. “तुम्ही मनापासून सोडलेलं नाही,” सर मवाळपणे म्हणाले. बाईंनी बहिणीचं नाव घेतलं होतं. त्या खाली उतरल्या आणि नाट्यगृहाच्या दारातच बहिणीचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. तरी हात जाईना, तेव्हा रडल्या.

मग ताई.

मी मोबाइलवर चित्रण करत होतो. का, विचाराल तर सगळेच करत होते.

पेला पालथा. हात बाजूने. “आई गं.”

“कुणाचं ओझं वाहता, ताई?”

“कुणाचं नाही.”

“खांदा खोटं बोलत नाही. मुलं?”

“नाहीत.”

“यजमान?”

“जहाजावर असतात.”

“म्हणजे ते समुद्राच्या खांद्यावर. मग घरात कोण?”

“सासरे.”

“हं,” हलकेसर म्हणाले.

त्या ‘हं’ने नाट्यगृह भरलं. ताई गोंधळली. तिने काही नाव ठरवून आणलेलं नव्हतं. घरात दुसरं माणूस असतं तर त्याचंही आलं असतं. पण खाली शेकडो माणसं वाट बघत होती आणि तिच्या खांद्यात कळ मारत होती. कळ मारताना माणूस जे समोर असेल ते देऊन टाकतं.

“सासऱ्यांचं,” ती म्हणाली.

“सोडलं म्हणा.”

“सोडलं.”

मान वर. पेला सुलटा. ताईचा हात वर गेला. किती तरी दिवसांनी तिची काख वाऱ्याला लागली. तिचा चेहरा असा झाला की मीसुद्धा क्षणभर हलकेसरांना मनातल्या मनात धन्यवाद दिले.

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर सांभाळत नानाही टाळ्या वाजवत होते.

*

त्या दिवसांत आमच्या शहरातले खांदे सुधारले आणि माणसं विस्कटली. शिंप्याने आपल्या भागीदाराला सोडलं. दोघांनी मिळून दुकान टाकलं होतं; आता मधे पडदा लावला. दातांच्या डॉक्टरांनी आईचे फोन घेणं बंद केलं. बेकरीवाल्याच्या जावयाला समजेना की सासरे बोलत का नाहीत. त्याला कुणीतरी सांगितलं, “तुम्ही त्यांच्या खांद्यावर होता.”

“मी तर दुसऱ्या गावात राहतो,” जावई म्हणाला.

सरांचा नियम होता : ओझं मंचावर सोडून भागत नाही, घरातूनही उतरवावं लागतं. नाहीतर ते परत येऊन बसतं. आणि चार-दोन दिवसांत ताईचा खांदा पुन्हा दुखायला लागला.

“बघ,” ताई म्हणाली.

“काय बघू?”

“नाना अजून घरात आहेत.”

“ताई, दुखणं गेलं तर सरांमुळे, आणि परत आलं तर नानांमुळे? सरांचं काही चुकायला जागाच ठेवली नाहीस तू.”

“तुझा खांदा दुखतोय का?”

“नाही.”

“मग बोलू नकोस.”

ती दिरांशी बोलली. त्यांच्याकडे जागेची अडचण होती. दिरांचे खांदे पहिल्यापासून हलके. मग ‘विसावा’. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांसाठी असलेली इमारत, स्वच्छ, गुळगुळीत, लिफ्टची. खिडकीजवळचा पलंग रिकामा झाला होता, तो नानांसाठी राखून ठेवला गेला. मी पडद्यांच्या दुकानात काम करतो, दुकानाची गाडी माझ्याकडे असते. तेव्हा नानांना पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं.

“त्यांना काय सांगायचं?” मी विचारलं.

“हवापालट.”

“त्याच शहरात?”

“तू गाडी आणतोस का नाही, एवढंच सांग.”

ताई वाईट बाई नाही. नाना काही गोड म्हातारे नाहीत. रेडिओ मोठ्याने लावतात, दुकानात बसून गिऱ्हाइकांना घाबरवतात, चहा गार झाला की सांगतात आणि गरम असला की फुंकत बसून सांगतात. त्यांचा कंटाळा येण्यात पाप नव्हतं. पण कंटाळा आला म्हणून म्हाताऱ्याला घालवलं, असं ताई स्वतःशीसुद्धा बोलू शकली नसती. खांद्यासाठी घालवलं, हे बोलता येत होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे पुष्कळ बघितले होते. माझ्या बहिणीने ती स्वतःच्या खांद्यावर ठेवली होती.

मी म्हटलं, शनिवारी आणतो गाडी. आणि मधल्या दिवशी इस्पितळात गेलो.

*

फिजिओथेरपीची खोली तळमजल्यावर, टोकाला. भिंतीला शिडीसारख्या दांड्या, छताला कप्पी, कप्पीवर दोरी. एक गृहस्थ दोरीचं एक टोक धरून दुसऱ्या हाताने स्वतःचाच हात वर ओढत होते आणि घड्याळाकडे बघत होते. मॅडम पलीकडे एकाच्या गुडघ्याशी भांडत होत्या. मी ताईचं नाव सांगितलं.

“तुमच्या बहिणीचे व्यायाम थांबले ना?” त्यांनी न वळता विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पेशंटऐवजी नातेवाईक आले की थांबलेलेच असतात.”

मी मोबाइल पुढे केला. “एकदा हे बघा. हात खरंच वर गेला होता. मी तिथे होतो.”

“आवाज बंद करा. पडद्यामागे एक आजोबा शेक घेताघेता झोपलेत.”

मी आवाज बंद केला. हलकेसर तोंड हलवू लागले, पण त्यातून काही बाहेर येईना. इतक्यांदा बघितलेलं चित्रण मी पहिल्यांदाच बघितलं. आधी आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

मॅडमनी शेवटपर्यंत बघितलं. मग परत सुरुवातीला नेलं.

“ही आमची चाचणी आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठली?”

“ही, पेला ओतायची. खांद्याची दोरी दुखावली आहे का, हे बघायला आम्ही पेशंटला हात असाच बाजूला, जरा पुढे धरायला लावतो. अंगठा खाली. जणू डबा रिकामा करतोय. नावच आहे तिचं, ‘रिकामा डबा’. दुखावलेल्या खांद्याला यात हमखास दुखतं. दुखावं म्हणूनच करतो.”

“आणि झेलायची?”

“तोच डबा सुलटा. अंगठा वर. यात कमी दुखतं.” त्यांनी टेबलावरचा खांद्याच्या सांध्याचा नमुना उचलला. प्लास्टिकचा, बोटांनी गुळगुळीत झालेला. “दंडाच्या हाडाच्या डोक्यावर हा उंचवटा. वरती खांद्याचं हाड, छपरासारखं. दोघांमधून दोरी जाते. हात पालथा ठेवून उचलला की उंचवटा छपराखाली आपटतो आणि दोरी चेपते. हात सुलटा केला की उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. त्यात सुरुवातीला मान खाली घालायला लावलीय, पाठीला पोक. म्हणजे छप्पर आणखी खाली. शेवटी छाती पुढे, म्हणजे छप्पर वर.”

“म्हणजे सासऱ्यांचा...”

“सासरे सांध्यात कुठे बसतात ते मला शिकवलेलं नाही.”

मला गाण्याच्या बाई आठवल्या. मी विचारलं, दोन्ही वेळा हात अडला तर?

“त्यांचा खांदा आखडलेला असेल. सांध्याची पिशवीच आवळते त्यात. पेला कसाही धरा, नाही जात. अशांना काय सांगतो तो माणूस?”

“मनापासून सोडलेलं नाही म्हणून.”

मॅडमनी मोबाइल मला परत दिला.  मग गुडघ्याकडे वळल्या.

“मॅडम, तुमच्याकडेही शेक देतात, ते मशीन लावतात. त्याने बरं होतं का?”

“बरं वाटतं,” त्या म्हणाल्या. “बरं होतं ते त्या कंटाळवाण्या पट्ट्याने. त्या दोन्हींत फरक आहे हे सांगण्यात माझा अर्धा दिवस जातो. बहिणीला सांगा, गिऱ्हाइकाची खुर्ची खाली करायची. ड्रायर धरताना कोपर अंगाशी. आणि पट्टा.”

*

शनिवारी मी गाडी घेऊन दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. नाना वाट बघायच्या बाकावर बसून स्वतःच्या बॅगेवर हात ठेवून होते. मी फळीवरचा, ताईने सरांकडून विकत आणलेला पत्र्याचा पेला काढला.

“ताई, निघायच्या आधी एक कर. पेला सुलटा धर. मान वर. नानांना सोडू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हण, धरलं.”

“काहीतरीच काय!”

“म्हण तर.”

“धरलं,” ताई कंटाळून म्हणाली आणि हात उचलला. हात वर गेला. जरा दुखला, पण गेला. ती हाताकडे बघत राहिली.

“आता पेला पालथा. मान खाली. नानांना सोड. मनापासून सोड.”

“सोडलं.” हात छातीपाशी अडला. “आई गं.”

“आता मला सोड.”

“तुला केव्हाच सोडलंय.”

“पेला पालथाच ठेव.”

अडला. मग तिने स्वतःहूनच करायला घेतलं. ड्रायरला सोडलं, दिरांना सोडलं, वीज मंडळाला सोडलं. पालथा : अडला. मग सगळ्यांना परत धरलं. सुलटा : गेला. नावं बदलून बघितली, न घेता बघितलं, शेवटी पेला फळीवर ठेवून नुसत्याच हाताने बघितलं. तळवा खाली, तळवा वर. आरशात एक बाई कधी काही ओतत होती, कधी काही झेलत होती, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

“नुसता हात वळवलाय रे त्याने,” ताई म्हणाली.

“हो.”

ती खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या.

“मग निघायचं का?” बाकावरून नाना म्हणाले. “त्या ‘विसाव्या’त जेवायची वेळ लवकर असेल.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

“नाना, तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं होतं?”

“नाही बुवा. पण तू काहीतरी बोललीस आणि सगळं नाट्यगृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. त्यात ऐकायचं काय राहिलं, सूनबाई?”

“मग टाळ्या कशाला वाजवल्यात?”

“तुझा हात वर गेला म्हणून,” नाना म्हणाले. “त्याचसाठी गेलो होतो ना आपण?”

ताईने टॉवेल तोंडावर धरला. वाफ घ्यायला धरतात तसा. जरा वेळाने टॉवेलामागून आवाज आला.

“मला तुमचा त्रास होतो, नाना.”

“काय?”

“त्रास होतो तुमचा!” ती ओरडली.

“होत असणार. मलाही तुझ्या ड्रायरचा होतो.”

“गिऱ्हाइकांना बोलायचं नाही.”

“मागून जास्त कापलं तरी?”

“तरी.”

नाना विचारात पडले. “अवघड आहे,” ते म्हणाले. “पण बघतो.”

मी बॅग उचलून गाडीत ठेवायला निघालो होतो. ताईने ती माझ्या हातातून घेतली. डाव्या हाताने.

*

ताईची सरांकडे फेरबैठक ठरलेली होती. खांदा परत दुखायला लागलेल्यांसाठी वेगळी बैठक असे, आणि तिला गर्दी जास्त असे. आम्ही तिघंही गेलो. फिजिओच्या मॅडमना बोलावलं होतं, पण त्यांची ओपीडी होती.

“परत यावं लागलं ना?” हलकेसर हसून म्हणाले. “ओझं अजून घरातच असणार.”

“आत्ता तिसऱ्या रांगेत आहे,” ताई म्हणाली. नानांनी हात हलवला.

“पेला घ्या. आधी ओता.”

“आधी झेलते.”

“ताई, पद्धत अशी आहे की...”

ताईने पेला सुलटा धरून हात वर केला. “हे माझे सासरे,” ती वरूनच म्हणाली, “माझ्याकडेच राहणार आहेत.” मग पेला पालथा करून हात पुन्हा बाजूने उचलला. “आता यांना सोडलं. सोडलं, सोडलं, सोडलं.” हात छातीपाशी अडला. “बघा. नावाचा काही संबंध नाही. अंगठा खाली केला की अडतो, वर केला की जातो. बसल्या जागी करून बघा.”

आधी कुणी हललं नाही. मग पोलीस उठला. त्याने हात पालथा करून उचलला, कळवळला. सुलटा करून उचलला, गेला. “साहेबांना धरूनसुद्धा जातो की!” तो म्हणाला. मग शिंपी. मग दातांचे डॉक्टर. मग रांगाच्या रांगा. नाट्यगृहभर कपड्यांची सळसळ झाली आणि सगळे हात अडू लागले आणि जाऊ लागले. ज्यांचे खांदे ठणठणीत होते त्यांचेही पालथे हात जरा अडखळतच होते. हे बघून त्यांना खूप मजा वाटली.

गाण्याच्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांचा हात कसाच गेला नाही.

“तुमचा खांदा आखडलाय,” ताई मंचावरून त्यांना म्हणाली. “मनाचा दोष नाही तो. इस्पितळात जा, तळमजल्यावर, टोकाची खोली. आणि आधी बहिणीला फोन करा.”

“नंबर काढून टाकलाय हो,” बाई म्हणाल्या.

“संशयाचं ओझं सर्वांत जड असतं,” हलकेसरांनी ध्वनिक्षेपकात सांगितलं.

“पेला कसा धरला की ते उतरतं?” पोलिसाने विचारलं.

लोक हसले. सर पाणी प्यायले, दुसऱ्या भांड्यातून. “मी कधी म्हणालो की मी बरं करतो?” ते म्हणाले. “मी फक्त मार्ग दाखवतो. नाती तुमची, निर्णय तुमचे. त्याला मी जबाबदार कसा?”

आणि हलकेसरांनी हात वर केले. दोन्ही. त्यांचे खांदे उत्तम होते.

*

आता तुम्ही. उठायची गरज नाही. हात पालथा ठेवून बाजूने उचला आणि कुठे अडतो ते बघा. मग तळवा आभाळाकडे करा आणि पुन्हा उचला. हे करताना ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घ्या, मग ज्याच्यावर जीव असेल त्याचं घ्या. हाताला फरक पडत नाही. दुखत असेल तर जोर लावू नका, तपासून घ्या.

कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्यावर ओरडायला जाऊ नका. त्याला एवढंच सांगा : तेच पुन्हा करा, पण क्रम उलटा करून. नाव बदलून. आवाज बंद करून. जे खरं असतं ते या सगळ्यातून पार पडतं आणि त्याला रागही येत नाही. आणि माणसाचा कंटाळा आला असेल तर तसं त्याच्या तोंडावर म्हणा, ओरडून म्हणावं लागलं तरी. त्यासाठी शरीरातला एखादा अवयव साक्षीदार म्हणून उभा करू नका.

ताईचा खांदा अजून पूर्ण बरा नाही. पट्टा दाराच्या कडीला असतो. ती ओढते, दार हलतं, नाना आतून “कोण आहे?” विचारतात. टॉवेल वरच्या फळीवरून आता ती स्वतः काढते. शिंप्याच्या दुकानातला पडदा मी उतरवला; लावलाही मीच होता. गाण्याच्या बाईंची बहीण अजून फोन उचलत नाही.

खांदा पहिल्यांदा दुखला त्याच्या आदल्या दिवशी ताईने दुकानाचं सगळं छत एकटीने रंगवलं होतं. शिडी नानांनी धरली होती.